सतरा नंबरचा माड

डांबराचा डबा माझ्या हातात होता.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण पुढे कुणी ही हकिगत सांगेल
तर डबा दुसऱ्याच कुणाच्या हातात देईल.

मी अकरा वर्षांचा. उजळणी पंचविसापर्यंत पाठ,
म्हणून अबकारीच्या कारकुनाने मला उचलला,
दिवसाला एक आणा.
तो माड मोजायचा, मी काथ्याच्या कुंचल्याने आकडा काढायचो
छातीच्या उंचीवर. त्याच्या छातीच्या.
मला टाचा उंचवाव्या लागत.

खाडीच्या तोंडापासून रवळनाथाच्या देवळापर्यंत
एकशे बारा माड.
वाकडी, बुटकी, खुळो, जावयाचो,
आणि एक नुसताच 'तो', ज्यावरून कुणीतरी पडून मेला होता.

गुणो केळुसकर वरून उतरला,
कमरेला भोपळा, पाठीशी काती,
पावलांच्या तळव्यांना सालीचे घट्टे.
"काय लिवलंस रे हेच्यार?"
"सतरा."
"हेका आमी न्हवरी म्हणतंव."
कारकून म्हणाला, न्हवरी वहीत बसत नाही.

सतराला वर्षाचे इतके रुपये.
न भरल्यास पोय बांधायची नाही, छेद द्यायचा नाही,
माडाने पाझरायचं नाही,
असा मुंबईहून निघालेला हुकूम
कारकुनाने माडांकडे तोंड करून वाचला.
माणसं दुपारची जेवायला गेली होती.

रात्रीत सगळे आकडे खरवडलेले.
बुंध्यांवर वीतभर पांढुरक्या जखमा.
आम्ही पुन्हा काढले. मला आणखी आणे.
पुन्हा खरवडले. पुन्हा आणे.
आईने त्या पैशांची पितळेची चूल-पळी आणली,
आणि शेजारीण आमच्याकडे विस्तव मागायला येईनाशी झाली.

मग अवसेला मी एकटा निघालो, डबा घेऊन.
का, ते विचारू नका.
उत्तर मला तेव्हाही सापडलं नव्हतं,
नुसती हाताला सवय होती.

सकाळी: वाकडीवर सतरा. बुटकीवर सतरा.
होड्यांच्या नाळींवर, विहिरीच्या रहाटावर,
मिठाच्या नाक्याच्या दारावर,
कारकुनाच्या तट्टाच्या पांढऱ्या कुशीवर सतरा.
त्याने वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.
वहीत सतरा एकच होता.

फौजदार आला. चावडीपुढे गाव बसवला.
"आकडे कुणाला येतात?"
पंतोजी चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.
माझ्या नखांत डांबर, मुठी मांडीखाली.

गुणो उठला. "मियाच लिवलंय."
हसू फुटलं. गुणो आणि लिहिणार!
गहाणखतावर ज्याचा अंगठा, तो.
"लिही तर," फौजदार म्हणाला.

तो उकिडवा बसला.
कातीच्या टोकाने वाळूत काढलं
१७.
सातची शेपटी माझ्यासारखीच आखूड, आत वळलेली.

खरवडण्याआधी त्याने नीट बघून घेतलं होतं.

सहा महिन्यांनी रत्नागिरीहून सुटून आला
तेव्हा म्हणाला, थंयसर माका पण आकडो दिल्यानी.
"किती?"
"मोठो होतो. वाचूक येवक नाय."

आता पन्नास वर्षं झाली.
पोरं किनाऱ्यावर खारं पाणी उकळतात, लाठ्या खातात,
सभेत मला पुढे बसवतात आणि विचारतात,
आजोबा, सुरुवात कधी झाली हो?
मी म्हणतो, ऐकू कमी येतं.

गुणो माझ्याशी त्याबद्दल कधी बोलला नाही.
एकदा फक्त, भल्या पहाटे, देवळामागे
भोपळा पुढे केला. परवाना त्याच्यापाशी नव्हताच.
वर तांबडं फुटत होतं, भोपळ्याच्या तोंडाशी दोन मधमाश्या.
"पी," म्हणाला. "न्हवरीची आसा."